बेसचं मी बघतो

१२ जानेवारी

आज डेंटिस्टचा फोन. कॉलेजच्या बँडमधला आमचा ड्रमर. आता दात काढतो, म्हणजे ठोकाठोक चालूच आहे. कॉलेजचं जुनं सभागृह पाडणार आहेत. त्याआधी एप्रिलमध्ये तिथला शेवटचा कार्यक्रम, आणि त्यात आमचा बँड, इतक्या वर्षांनी. मुख्याध्यापिका गाणार (तेव्हा नुसती गायिका होती, आता एक अख्खी शाळा तिला घाबरते). झुलपी गिटार वाजवणार (झुलपं गेली, नाव राहिलं). प्रश्न फक्त बेस गिटारचा. तेव्हाचा बेसवाला परदेशात असतो, त्याला जमणार नाही. डेंटिस्ट म्हणाला, तू खरेदी खात्यात आहेस, बेसचं तू बघ.

लगेच हो म्हणालो.

शेवटी आठवण ठेवली म्हणायची. वायरी जोडणं, स्पीकर उचलणं, चहा सांगून येणं आणि एका गाण्यात खुळखुळा, एवढंच मी करायचो असं वरवर बघणाऱ्याला वाटेल. पण बँडचा पाया मी होतो. आणि बेस म्हणजे तरी काय, पायाच.

संकल्प: रोज एक तास सराव. (बेस आल्यावर.)

१३ जानेवारी

बायकोला सांगितलं. तिने विचारलं, तुला बेस वाजवता येतो? म्हटलं, चारच तारा असतात. ती म्हणाली, व्हायोलिनलाही चारच असतात.

मुद्दा असंबद्ध.

१५ जानेवारी, ऑफिस, जेवणाची सुट्टी

आमच्या पंपांच्या कारखान्यात साधा वॉशर घ्यायचा असला तरी तुलनात्मक तक्ता झाल्याशिवाय मी सही करत नाही. माझे तक्ते ऑडिटवाल्यांनी इतर खात्यांना नमुना म्हणून दाखवलेत. मग बेस काय असाच उचलायचा?

तक्ता उघडला. रकाने: कंपनी, आकार, वजन, मानेची जाडी, पिकअप (तारांची थरथर पकडून अँप्लिफायरकडे, म्हणजे अँपकडे, पाठवणारी चुंबकं), आवाजाचा स्वभाव, शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यात रुंद ठेवलाय.

१९ जानेवारी

फेंडर प्रिसिजन आणि फेंडर जॅझ. एका घरातले दोन भाऊ.

प्रिसिजन थोरला. मान जाड, पिकअप एकच, तोही मधून दुभंगून खालीवर बसवलेला. आवाज एकच पण ठाम. शेरा: निवृत्तीपर्यंत एकाच टेबलावर बसणारा हेडक्लार्क.

जॅझ धाकटा. मान सडपातळ, पिकअप दोन, दोन्ही कमीजास्त करून हवा तसा सूर काढता येतो. शेरा: साहेब बदलला की बोलणं बदलणारा.

दोघेही उत्तम. म्हणजे पंचाईत.

२४ जानेवारी, शनिवार

वाद्यांच्या दुकानात जाऊन आलो. मालकीणबाई भल्या आहेत. एकेक बेस भिंतीवरून काढून मांडीवर देत होत्या.

म्युझिक मॅन स्टिंगरे. याच्या पोटात बॅटरी असते, त्यामुळे आवाज कसा छातीत बुक्की मारल्यासारखा येतो म्हणे. बॅटरी ऐन गाण्यात संपली तर काय, असं विचारलं. बाई म्हणाल्या, आदल्या दिवशी बदलायची. हे उत्तर मला फार सोपं वाटलं.

रिकनबॅकर. देखणा. दोन शिंगं. आवाज घंटेसारखा खणखणीत. शेरा: लग्नाच्या फोटोत नवऱ्यापेक्षा उठून दिसणारा मित्र.

हॉफनर. व्हायोलिनच्या आकाराचा, पोकळ, हलका. गळ्यात आहे की नाही ते चाचपून बघावं लागतं.

वॉरविक. जड लाकूड, आवाज गुरगुरणारा. खांद्याने नोंद घेतली.

आयबानेझ. मान इतकी बारीक की माझा पंजा अचानक एखाद्या मोठ्या कलावंताचा वाटायला लागला. शेरा: आत्मविश्वास वाढतो.

बाईंनी विचारलं, अँपला जोडून देऊ का? नको म्हणालो. आवाज ऐकला की निवड निःपक्षपाती राहत नाही.

त्यांनी पुढे विचारलं, तुम्ही काय वाजवता? म्हटलं, सध्या निवड चालू आहे.

३० जानेवारी

गळ्यातला पट्टा, स्टँड आणि सूर जुळवायचं यंत्र घेतलं. पट्ट्यांच्या नऊ जाती पाहून एक निवडला. स्टँड मागच्या खोलीत खिडकीजवळ ठेवला. रिकामा आहे, पण खोलीला वजन आलं.

३१ जानेवारी

डेंटिस्ट घरी येऊन एक जुना बेस आणि छोटा अँप ठेवून गेला. त्याच्या कुठल्या पेशंटच्या माळ्यावर पडून होता. काळा, कडेने रंग उडालेला, डोक्यावरचं कंपनीचं नाव घासून गेलेलं. कंपनीच माहीत नाही तर तक्त्यात घालायचा कुठे? पहिलाच रकाना अडतो.

डेंटिस्ट म्हणाला, वाजवणारा ठरेपर्यंत राहू दे तुझ्याकडे, सरावाला होईल. वाजवणारा ठरेपर्यंत. म्हणजे बेस ठरेपर्यंत असं त्याला म्हणायचं होतं. याचं बोलणं कॉलेजपासून असंच ढिसाळ.

बेवारस बेस स्टँडवर ठेवला. तात्पुरता.

२ फेब्रुवारी, पहाटे

सराव. वीस मिनिटं. त्यातली बारा सूर जुळवण्यात गेली. बोटांची टोकं लाल. या तारा आहेत की पुलाचे दोर?

एक गाणं जवळजवळ बसलं. सुरुवातीचे दोन सूर पक्के.

५ फेब्रुवारी

सासूबाई राहायला आल्या. त्यांच्या घरातले सगळे पाण्याचे पाइप बदलायचे आहेत, काम एप्रिलपर्यंत चालेल. त्यांना मागची खोली दिली. म्हणजे बेस आणि सासूबाई एका खोलीत.

सासूबाईंनी उभं आयुष्य टायपिंगचा क्लास चालवला. अर्ध्या गावातली कारकून मंडळी त्यांच्या हाताखालून गेली आहेत. अजून बसल्या बसल्या मांडीवर बोटं चालतात. मला म्हणाल्या, जावईबापू, हे वाद्य मध्ये येतंय का मी मध्ये येतेय? म्हटलं, छे छे, तुम्ही दोघं राहा.

विनंती केली की हात लावू नका, तारांवर हवेचासुद्धा परिणाम होतो.

११ फेब्रुवारी

सराव नाही. सकाळी सासूबाई झोपलेल्या असतात, संध्याकाळी जाग्या असतात. दोन्ही वेळा अडचणीच्या.

त्याऐवजी तारांचा अभ्यास केला. गुळगुळीत गुंडाळलेल्या तारा आणि खरखरीत गुंडाळलेल्या तारा. गुळगुळीत: आवाज गोल, मऊ. खरखरीत: आवाज तेज, बोट घासलं की किरकिर. तक्त्यात दोन रकाने वाढवले. मग लक्षात आलं की प्रत्येक बेसला दोन्ही प्रकारच्या तारा लागू शकतात, म्हणजे ओळी दुप्पट. मग पाच तारांचे बेस आठवले. मग मानेवर पडदे (सुरांच्या जागा दाखवणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्या) नसलेले. तक्ता आता आडवा छापावा लागतो.

प्रगती चांगली आहे.

१७ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्यात भेटले. म्हणाले, बेस ऐकू येतो बरं का तुमचा, दुपारी छान वाटतं, आधी नुसती धडधड होती, आता ताल लागलाय.

दुपारी मी ऑफिसात असतो. विचार केल्यावर उलगडा झाला. सकाळी वाजवलेला सूर लाकडात मुरतो आणि इमारतीत दिवसभर रेंगाळतो. बेवारस असला तरी लाकूड चांगलं असावं. (शेवटचा सराव दोन तारखेला. म्हणजे किती मुरला असेल.)

२० फेब्रुवारी

सासूबाईंच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्ट्या. स्वयंपाकघरातली सुरी फार धारदार आहे हे मी कधीचं म्हणतोय. तीन कंपन्यांच्या सुऱ्या मागवल्या. तुलना करून एक ठेवू.

सासूबाई म्हणाल्या, अहो कशाला. स्वभाव संकोची आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

बायकोने आज माझी परीक्षा घेतली. ती कानांची तपासणी करते, ऑडिओलॉजिस्ट. क्लिनिकमध्ये नेऊन मला त्या बंद डब्यासारख्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. म्हणाली, एक प्रिसिजन आणि एक जॅझ ऐकवते, कुठला कुठला सांग.

पहिला ऐकताक्षणी म्हणालो, प्रिसिजन. ठाम, खालमानेने काम करणारा. दुसरा: जॅझ. थोडा नाकातला, चंचल. सविस्तर बोललो. काचेपलीकडे ती मान डोलवत लिहून घेत होती.

बाहेर आल्यावर म्हणाली, दोन्ही वेळा एकच लावला होता.

मी म्हणालो की एकाच बेसमधून दोन स्वभाव ऐकू येणं हे तयार कानाचं लक्षण आहे. ती म्हणाली, कान तुझे उत्तम आहेत. तुला ऐकू सगळं येतं. तू ऐकत नाहीस, एवढंच.

हे ती गेली अनेक वर्षं म्हणते. संदर्भ वेगळे असतात.

१ मार्च, रविवार

पहिली तालीम. डेंटिस्टच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत. ड्रम खुर्च्यांच्या मध्ये. मुख्याध्यापिका गायली. आवाज थोडा खाली उतरलाय पण तोच आहे. झुलपीचे हात अजून चालतात.

मी बेस नेला नव्हता, कारण निर्णय प्रलंबित. तक्ता नेला होता. प्रत्येकाला एक प्रत दिली आणि समजावून सांगितलं. झुलपी रिकनबॅकरपाशी पोचेपर्यंत डुलक्या घेत होता. मुख्याध्यापिकेने माझ्या प्रतीतली शुद्धलेखनाची चूक काढली.

डेंटिस्ट म्हणाला, हे सगळं ठीक, पण माणूस? म्हटलं, माणसाची काळजी करू नकोस, माणूस तयार होतोय.

७ मार्च, शनिवार

दुकान. मालकीणबाई आता माझ्यासाठी स्टूल आधीच काढून ठेवतात. आज प्रिसिजन पुन्हा मांडीवर घेतला. निळसर, मधली पट्टी पांढरी. मान जाड आहे, पण जाड मानेचा एक आधार वाटतो. जॅझ हातात घेतला की मात्र उलट वाटतं. आणि स्टिंगरे हातात घेतला की दोघांचा विसर पडतो.

बाई म्हणाल्या, घरी न्या एखादा. म्हटलं, घाईने घेतलेला बेस आणि घाईने केलेलं लग्न.

त्यांनी विचारलं, तुमचं घाईने झालं का? म्हटलं, नाही, बायकोने सात महिने विचार केला.

११ मार्च

दुपारी डेंटिस्ट घरी येऊन गेला म्हणे, अँपची वायर बदलायला. मी अर्थात ऑफिसात. बराच वेळ होता, चहा घेऊन गेला, असं सासूबाई म्हणाल्या. चेहरा खुललेला होता त्यांचा. कवळीचं काहीतरी बोलणं झालं असणार.

१५ मार्च, रविवार

दुसरी तालीम. बेवारस बेस घेऊन गेलो. वाजवला.

माझ्या मते उत्तम. मी मुद्दाम कमी वाजवलं. बेसवाल्याने जागा सोडायला शिकलं पाहिजे. पहिल्या गाण्यात इतक्या जागा सोडल्या की झुलपीने दोनदा मागे वळून बघितलं. दुसऱ्या गाण्यानंतर मुख्याध्यापिका म्हणाली, काहीच ऐकू येत नाहीये. अँपचं बटण शून्यावर होतं. वाढवल्यावर ती म्हणाली, आधीचं बरं होतं. तिची विनोदबुद्धी शाबूत आहे.

निघताना डेंटिस्टने बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, बेसवाला काय शोधलायस यार, मानलं तुला, मला स्वप्नातसुद्धा सुचलं नसतं.

मी मान लववली. स्वतःला शोधणं सोपं नसतं.

मग म्हणाला, आज बदली म्हणून बसलास तेही बरं केलंस, पण यापुढे रविवारी आला नाहीस तरी चालेल, तू फक्त तो चांगला बेस मिळव. बदली म्हणजे बदली बेस, हा बेवारस. किती विश्वास टाकतो माझ्यावर. तालमीचीसुद्धा गरज नाही म्हणतो.

२४ मार्च

सासूबाई आठवड्यातून दोनदा दुपारी डेंटिस्टकडे जातात. रविवारीसुद्धा गेल्या. काम मोठं दिसतंय. मी म्हणालो, दुखतं का फार? म्हणाल्या, बोटं दुखतात थोडी. वयानुसार दुखणं कुठून कुठे जातं.

त्या दवाखान्यात जातात तेव्हा स्टँडही रिकामा असतो, असं बायकोने सहज सांगितलं. म्हटलं, डेंटिस्ट दुरुस्तीला नेत असेल. ती दिवा लावायला उठली.

३० मार्च, ऑफिस

मोठ्या साहेबांनी विचारलं, तीन आठवड्यांपासून बेअरिंगचा तक्ता कुठे आहे. चुकून बेसचा पाठवला गेला. साहेबांनी परत पाठवताना स्टिंगरेच्या ओळीवर पेन्सिलने बरोबरची खूण केली आहे.

यामुळे निर्णय आणखी अवघड झाला.

४ एप्रिल, शनिवार

निर्णय झाला.

प्रिसिजन. निळसर, पांढऱ्या पट्टीचा. सकाळी दाढी करताना आपोआप सुचलं. तक्त्याकडे बघितलंसुद्धा नाही. इतक्या दिवसांच्या अभ्यासाचं हेच फळ, की शेवटी अभ्यास लागत नाही. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात गेलो.

खिळा रिकामा.

मालकीणबाईंनाही वाईट वाटलं. म्हणाल्या, काल दुपारी गेला. एक वयस्कर बाई आल्या, अँपला जोडून द्या म्हणाल्या, थोडा वेळ वाजवला, बांधून द्या म्हणाल्या. मी विचारलं, इतर कुठला बघितला नाही? म्हणाल्या, नाही, त्यांना हाच बरा वाटला.

लोक कसे निर्णय घेतात.

घरी आलो. मागच्या खोलीत गेलो. स्टँडवर तोच निळसर प्रिसिजन.

बायकोने आणला, हे उघड होतं. सात महिने विचार करणारी बाई, आणि माझ्या मनातलं माझ्याआधी ओळखून घेऊन आली. मी स्वयंपाकघरात जाऊन तिचा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवलं नाही. म्हटलं, तू मला ओळखतेस.

ती म्हणाली, अरे, तो आईचा आहे.

४ एप्रिल, संध्याकाळी

गच्चीवर येऊन लिहितोय.

सगळं कळलं. पहिल्या आठवड्यापासून सासूबाई दुपारी तो बेवारस बेस वाजवत होत्या. चार बोटं, चार पडदे, प्रत्येक बोटाची जागा ठरलेली, म्हणाल्या, माझ्या क्लाससारखंच आहे की. माझ्या जुन्या कॅसेटवरची मुख्याध्यापिकेची गाणी लावून त्यावर वाजवायच्या. अकरा मार्चला डेंटिस्टने दाराबाहेरून ऐकलं आणि त्याला वाटलं, मीच त्यांना तयार केलंय. बेसचं तू बघ, म्हणजे बेस आणि बेसवाला दोन्ही शोध, असं त्याला म्हणायचं होतं. कोणीही मी वाजवणार असं म्हटलेलं नव्हतं. मी आठवून पाहिलं. कोणीच नाही.

सासूबाईंना वाटत होतं, मला माहीत आहे. त्या म्हणाल्या, जावईबापू, तुम्ही माझ्या बोटांसाठी सुऱ्या मागवल्यात तेव्हा मला वाटलं, तुम्ही गंमत करताय.

बायकोला माहीत होतं. तिने मला तीनदा सांगितलं म्हणे.

५ एप्रिल

सर्दी झाल्यामुळे कोणाशी बोललो नाही.

७ एप्रिल

अजून सर्दी. सासूबाई दुपारी वाजवत नाहीत. खालचे गृहस्थ विचारत होते.

८ एप्रिल

सासूबाई संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसल्या. सरळ विचारलं, तुम्हाला वाजवायचं होतं का खरंच? मी म्हणालो, प्रश्नच नाही. त्या म्हणाल्या, मित्र तुमचे, सभागृह तुमचं. मी त्या माणसांना दोन महिन्यांपूर्वी ओळखतसुद्धा नव्हते. तुम्ही वाजवा, मी बाजूला होते, मला काही वाटणार नाही.

आणि प्रिसिजन उचलून माझ्या मांडीवर दिला.

अँपला जोडलेला होता. त्यांनी टाळी वाजवून ठेका धरला, क्लासमध्ये धरत असतील तसा. म्हणाल्या, एकच सूर, आठ वेळा, सारख्या अंतराने. बाकी काही नाही.

आठ वेळा वाजवला. चौथा आणि पाचवा एकमेकांवर चढले, सातवा आलाच नाही. पुन्हा, म्हणाल्या. पुन्हा वाजवला. त्या रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. मग मी बेस त्यांच्याकडे दिला आणि त्यांनी तेच आठ सूर वाजवले.

मी एवढे बेस मांडीवर घेतले, पण शेजारी बसून कोणाला वाजवताना ऐकलं नव्हतं. खुर्चीच्या पायांतून येतो तो आवाज.

विचारलं त्यांनी, मग काय ठरवताय? म्हटलं, विचार करून सांगतो. त्या हो म्हणाल्या. पण डोळे बेसवर होते, आणि बोटं मांडीवर चालली होती.

९ एप्रिल

ऑफिसातून डेंटिस्टला फोन केला. म्हटलं, बेससाठी माझी निवड पक्की आहे, सासूबाई. तो म्हणाला, ती तर कधीच पक्की होती ना? म्हटलं, होय, फक्त औपचारिक कळवतोय.

बँडच्या हितासाठी मी माघार घेतली, असं या प्रकाराकडे बघता येईल. मी तसंच बघतोय.

बायकोला सांगितलं. जेवताना तिने पापड आधी मला दिला.

१३ एप्रिल

डेंटिस्टने विचारलं, वायरी आणि स्पीकरचं कोण बघणार? म्हटलं, मी बघतो. मग त्याला विचारलं, बघतो म्हणजे नक्की काय करायचं, ते एकदा स्पष्ट सांग.

१९ एप्रिल

कार्यक्रम झाला. आत्ताच घरी आलोय, सगळे बाहेर बसून बोलताहेत. मी पाय गरम पाण्यात घालून लिहितोय.

सभागृह भरलेलं होतं. खुर्च्या त्याच, त्यांचे तुटलेले हातसुद्धा तेच. सासूबाईंनी फिकी राखाडी साडी नेसली होती, निळ्या बेसला शोभेल अशी. पट्टा मी जुळवून दिला. त्या घाबरल्या होत्या. मला म्हणाल्या, बोटं गार पडलीत हो. म्हटलं, परीक्षेच्या दिवशी तुम्ही पोरींना काय सांगायचात? म्हणाल्या, कागदाकडे बघा, शेजारणीकडे नको. म्हटलं, मग झालं तर.

पहिली दोन गाणी सुरेख. सूचना मिळाल्याप्रमाणे मी विंगेत उभा होतो. तिसऱ्या गाण्यात अचानक सगळं पोकळ झालं. ड्रम होते, गिटार होती, मुख्याध्यापिका गात होती, पण जसं कोणी खालची जमीन काढून घेतली. लोकांना कळलं नसेल काय गेलं, पण काहीतरी गेलं हे कळलं, चुळबुळ सुरू झाली. सासूबाई वाजवतच होत्या. बोटं चाललेली, आवाज नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या.

सभागृहाचा अँप माझ्याइतकाच जुना. वायरचं टोक जिथे खुपसतात ती खाच सैल झालेली. मी ओणवा होऊन अँपच्या मागे गेलो, टोक दाबलं, आवाज आला. हात काढला, गेला. पुन्हा दाबलं. वर बांधायला दोरी नाही, चिकटपट्टी विंगेत राहिलेली, आणि विंगेत जायचं म्हणजे हात सोडायचा. मग काही ठरवायचं राहिलंच नाही. मी उकिडवा बसलो आणि धरून राहिलो.

तिसरं गाणं, चौथं, पाचवं. अँपच्या पाठीला कान टेकलेला. प्रत्येक सूर आधी माझ्या बोटांत यायचा, मग दातांत. सगळे सारख्या अंतराने. पाचव्यात त्यांनी एक चूक केली आणि पुढच्याच ठेक्याला सावरून घेतली. ती फक्त मला कळली असेल. डेंटिस्टलासुद्धा नाही. चौथ्या गाण्यात पायांना मुंग्या आल्या, पाचव्यात पाय आहेत की नाहीत तेच समजेना.

शेवटचं गाणं संपलं. पुढे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, म्हणजे लोक उभे राहिले असणार. टाळ्या थांबेनात. मुख्याध्यापिकेने एकेकाची ओळख करून दिली. सासूबाईंच्या वेळी तर शिट्ट्या आल्या. मागून मला त्यांचा पदर आणि पट्ट्याचं बक्कल एवढंच दिसत होतं. लोक आणखी एक, आणखी एक ओरडत होते, आणि डेंटिस्टने काठ्या पुन्हा उचलल्या.

मलाही टाळ्या वाजवायच्या होत्या. पण हात मोकळा नव्हता.